तार किती चढवावी ?

तंतुवाद्य हातीं घेणाऱ्या प्रत्येकाला केव्हांना केव्हां एक मोह होतो. गायकाचा आवाज चढा असतो, वाद्य ठराविक पट्टींत लावलेलें असतें, आणि खुंटी थोडी अधिक पिळली कीं काम भागेल असें वाटतें. बहुधा तें भागतेंहि. परंतु एखाद्या वेळीं तार तुटते, दांडी वांकते किंवा घोडी उखडून येते. आणि मग ‘इतकीशीच तर चढविली होती’ असे उद्गार निघतात. हें ‘इतकीशी’ म्हणजे नेमकें किती व त्याचा भार कोणावर पडतो, हें समजून घेण्यास बेस गिटार हें वाद्य फार सोईचें आहे. त्याच्या तारा लांब, जाड आणि मोजक्या चारच असतात.

पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाची साथ पूर्वीं माणसाएवढा उंच डबल बेस करीत असे. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं 1951 सालीं ‘प्रिसिजन बेस’ हें वाद्य बाजारांत आणलें. गिटारीसारखें आडवें धरून वाजवावयाचें, पडदे असलेलें व विजेच्या ध्वनिवर्धकावर चालणारें हें वाद्य पुढें जगभर पसरलें. त्याच्या तारेची वाजती लांबी 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी असे स्वर लावतात, आणि त्यांचीं कंपनें दर सेकंदास अनुक्रमें सुमारे 41, 55, 73 व 98 असतात. हीच त्याची प्रमाण पट्टी.

या पट्टीच्या वर जावयाचें झाल्यास कोणता नियम लागू पडतो, तें मॅरँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकानें 1636 सालीं प्रसिद्ध केलेल्या संगीतविषयक ग्रंथांत सांगून ठेवलें आहे. तार आंखूड केली तर स्वर चढतो. निम्मी केली तर तो बरोबर एक सप्तक वर जातो. तार जड केली तर स्वर उतरतो. ताण वाढविला तर स्वर चढतो. मात्र तो ताणाच्या प्रमाणांत चढत नाहीं, ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत चढतो. सारी अडचण या शेवटच्या कलमांत आहे. कंपनसंख्या दुप्पट करावयाची तर ताण दुप्पट करून भागत नाहीं. तो चौपट करावा लागतो.

आतां हा हिशेब आंकड्यांत पाहावा. बेस गिटारीच्या नेहमींच्या संचांत एकेका तारेवर साधारणपणें 16 ते 23 किलोग्रॅम वजन टांगल्याइतका ताण असतो. सोईसाठीं तो 20 किलोग्रॅम धरूं. तीच तार अर्धा स्वर चढविली कीं ताण सुमारे 12 टक्क्यांनीं वाढून साडेबावीस किलोग्रॅम होतो. पूर्ण एक स्वर चढविली कीं 25. ई ची तार ए पर्यंत नेली तर 36, आणि संबंध सप्तक चढविण्याचा हट्ट धरला तर 80! चार तारांचा मिळून जो 80 किलोग्रॅमचा भार होता, तो सगळें वाद्य एकच स्वर चढविल्यानें शंभराच्या घरांत जातो. कानाला फरक एका स्वराचा वाटतो. लाकडाला तो वीस किलोग्रॅमचा असतो.

हा भार प्रथम दांडीवर येतो. दांडीच्या पोटांत ट्रस रॉड नांवाची पोलादी सळई बसविलेली असते. तारांची ओढ दांडीला पुढें वांकवूं पाहते, आणि सळई तिला मागें धरते; या दोहोंच्या तोलावर वाद्य सरळ राहतें. ओढ वाढली कीं तोल बिघडतो. दांडी धनुष्यासारखी किंचित् वांकते, तारा पडद्यांपासून उंच होतात, बोटांना जोर अधिक लागतो, आणि पडद्यावर दाबलेला स्वर चढा बोलूं लागतो. एक तार चढविली असतां बाकीच्या तीन तारा किंचित् उतरलेल्या आढळतात, त्याचेंहि कारण हेंच. पोकळ लाकडी पेटीच्या बेस गिटारींत घोडी नुसत्या सरसानें चिकटविलेली असली तर धोका आणखी मोठा. तेथें तारेच्या आधीं घोडीच उखडण्याचा संभव असतो.

हें झालें वाद्याचें. तारेची स्वतःची मर्यादा कोणती? जाड तार अधिक ताण सोसते, म्हणून ती अधिक चढवितां येईल, असा एक सर्वसाधारण समज आहे. त्याचा पूर्वार्ध खरा, पण उत्तरार्ध खोटा आहे. तारेचा छेद दुप्पट केला तर तिची शक्ति दुप्पट होते, हें खरें. परंतु तिचें वजनहि दुप्पट होतें, आणि तोच स्वर काढण्यास ताणहि दुप्पट लागतो. म्हणजे तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारी ओढ होती तेवढीच राहते. सारांश, ठराविक लांबीची साधी पोलादी तार, मग ती जाड असो कीं बारीक, जवळजवळ एकाच स्वरावर तुटते. जाड तार घेऊन तिचें आयुष्य वाढत नाहीं. दांडीवरचें ओझें मात्र वाढतें.

चौतीस इंची लांबीच्या चांगल्या पोलादी तारेचा हा अंतिम स्वर दर सेकंदास सुमारे 290 कंपनांच्या आसपास येतो. जी ची तार 98 वर लावलेली असते, म्हणजे हातांत भरपूर जागा आहे असें वाटेल. परंतु बेसच्या तारा साध्या नसतात. इतका खर्ज साध्या तारेंतून काढावयाचा तर ती सळईसारखी जाड घ्यावी लागेल, आणि तसली ताठर सळई बेसूर बोलेल. म्हणून मध्यें बारीक पोलादी गाभा ठेवून त्यावर दुसऱ्या तारेचे वेढे देतात. वेढे वजन वाढवितात, पण ओढ सोसतो तो एकटा गाभा. त्यामुळें गाभा जितका बारीक व वेढे जितके जड, तितकी तुटण्याची मर्यादा खालीं येते.

यावरून मार्ग उघड होतो. स्वर चढवावयाचा असेल तर ताण वाढविण्याऐवजीं वजन कमी करावें. एक स्वर वर जाण्यास सुमारे अकरा टक्के बारीक तार घेतली तर ताण पूर्वींइतकाच राहतो. डबल बेसवर एकल वादन करणारे कलावंत वाद्य एक स्वर चढें लावतात, तेव्हां त्यासाठीं बनविलेला हलक्या तारांचा निराळा संच वापरतात. बेस गिटार अडीच स्वर चढी, म्हणजे ए, डी, जी, सी अशी लावणारे वादक ई ची तार काढून टाकतात, उरलेल्या तीन तारा एकेक घर सरकवितात आणि सहा तारी वाद्याची बारीक सी ची तार शेवटीं बसवितात. अमेरिकन वादक स्टॅन्ली क्लार्क यांचा ‘पिकोलो बेस’ तर संबंध सप्तक वर बोलतो. पण तारा त्या मानानें बारीक असल्यामुळें दांडीवर चौपट भार येत नाहीं.

मराठी घरांत हें तत्त्व तंबोऱ्याच्या रूपानें परिचित आहे. काळी एकच्या पट्टीचा पुरुषी तंबोरा पिळून काळी चारला नेण्याचें साहस कोणी जाणता गवई करीत नाहीं. त्या पट्टीसाठीं मिरजेचे कारागीर आंखूड दांडीचा बायकी तंबोरा वेगळा घडवितात. तेथें लांबी बदलली, बेस गिटारींत वजन बदललें. ताणावर जबरदस्ती दोन्हीकडे टाळलेली आहे.

सुस्थितींतील वाद्य नेहमींच्या तारांवर अर्धा स्वर चढविल्यास सहसा बाधत नाहीं. पूर्ण स्वर चढवावयाचा तर हलका संच घेणें शहाणपणाचें, आणि त्यापुढें तोच संच पिळीत राहूं नये. चढवितांना चारी तारा थोड्या थोड्या, आळीपाळीनें चढवाव्या व चेहरा तारेपासून दूर ठेवावा. तुटलेली तार चाबकासारखी उसळते. दुसऱ्या दिवशीं तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून मधल्या पडद्यापाशीं किती फट पडते तें पाहावें. कागदाच्या जाडीएवढी फट असली तर चिंता नाहीं. ती स्पष्ट वाढलेली दिसली तर तारा उतरवून वाद्य कारागिराकडे न्यावें. तुटलेली तार नवी मिळते. पिळवटलेली दांडी सरळ करणें चांगल्या कारागिरालाहि नेहमींच साधतें असें नाहीं.