गुडघ्याचे ‘एसीएल’ फाटले, तर नवी दोरी कुठून आणायची?

कबड्डीत चढाईला गेलेला खेळाडू झटकन मध्यरेषेकडे वळतो. पाऊल जागेवरच राहते आणि अंग फिरते. दुचाकी घसरताना आधाराला टेकवलेल्या पायाचेही असेच होते. गुडघ्यात ‘कट’ असा आवाज, काही तासांत सूज आणि एमआरआयच्या अहवालात एक ओळ : ‘एसीएल’ पूर्ण फाटले आहे. शस्त्रक्रिया ठरली की डॉक्टर म्हणतात, ‘ग्राफ्ट घालू.’ हा ग्राफ्ट बहुतेक वेळा तुमच्याच पायातून काढला जातो. एक जागा दुरुस्त करण्यासाठी दुसरीकडचे काहीतरी द्यावे लागते. नेमके काय द्यायचे, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी विचारायला हवे.

फाटलेले लिगामेंट शिवत का नाहीत?

एसीएल म्हणजे अँटिरियर क्रुसिएट लिगामेंट. गुडघ्याच्या आत, मधोमध असलेला हा पट्टा नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा स्थिर ठेवतो. सांध्यातल्या द्रवामुळे फाटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, त्यामुळे ती आपोआप सहसा नीट जुळत नाहीत. काही निवडक रुग्णांत शिवण्याचा पर्याय असतो. बाकीच्यांसाठी टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचा तुकडा घेऊन नवे लिगामेंट तयार केले जाते.

मात्र प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमधील एका गाजलेल्या चाचणीत १२१ तरुण रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच शस्त्रक्रिया न करता आधी व्यायामोपचार दिले गेले. या गटातील जवळपास निम्म्या लोकांना पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया करावी लागलेली नव्हती. सरळ चालताना त्रास नाही, खेळ नाही, गुडघा ‘सटकत’ नाही, अशांनी आधी हा मार्ग डॉक्टरांशी बोलून घ्यावा.

सर्वाधिक वापर हॅमस्ट्रिंगचा, पण...

मांडीच्या मागच्या स्नायूंची दोन टेंडन गुडघ्याच्या आतल्या बाजूला, नडगीच्या वरच्या भागात येऊन चिकटतात. तिथे छोटी चीर देऊन ती काढतात आणि चारपदरी दुमडतात. व्रण लहान राहतो, पुढून दुखणे कमी असते. भारतात अनेक शल्यविशारदांची पहिली पसंती यालाच आहे.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. गुडघा पूर्ण दुमडतानाची ताकद थोडी कमी होते. ऑफिसात बसणाऱ्याला ते जाणवणारही नाही, पण धावपटू, कुस्तीगीर किंवा खो-खोपटूला जाणवू शकते. दुसरे म्हणजे जाडी. टेंडन किती जाड निघेल, हे बाहेर काढेपर्यंत नक्की सांगता येत नाही. ग्राफ्ट आठ मिलिमीटरपेक्षा बारीक निघाला, तर तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः विशीच्या आतल्या रुग्णांत. उंची आणि वजन कमी असेल, तर ही शक्यता अधिक. मग जास्त पदर घालणे किंवा दुसरीकडून टेंडन घेणे, ही तयारी आधीच ठेवावी लागते. शिवाय नडगीच्या बाजूला त्वचा बधिर राहण्याची तक्रारही बऱ्याच जणांची असते.

वाटीखालचा पट्टा : मजबूत, पण मांडी घालणाऱ्या देशात?

दुसरा मोठा पर्याय गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनचा. त्याचा मधला सुमारे दहा मिलिमीटर रुंदीचा पट्टा दोन्ही टोकांना हाडाच्या तुकड्यांसह काढतात. हाड हाडाला साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळते. नुसत्या टेंडनला हाडात रुजायला आठ ते बारा आठवडे लागतात. अमेरिकेत वेगाने दिशा बदलणाऱ्या खेळांतील तरुणांसाठी हाच ग्राफ्ट बरेच डॉक्टर निवडतात. तिथल्या शाळा-कॉलेजच्या खेळाडूंच्या सहा वर्षांच्या पाहणीत हॅमस्ट्रिंग घेतलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे दुप्पट दिसली.

तरीही इथल्या रुग्णाने तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये. या ग्राफ्टनंतर गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखणे आणि गुडघे टेकताना टोचणे, ही नेहमीची तक्रार आहे. ज्याला रोज नमाज पढायची आहे, चर्चमध्ये गुडघ्यावर बसायचे आहे, फरशी बसवायची आहे किंवा देवघरासमोर गुडघे टेकून पुसायचे आहे, त्याच्यासाठी ही छोटी बाब नाही. परदेशी संशोधन बहुतेक खेळाडूंवर झालेले असते. जमिनीवर बसणे-उठणे हा इथला रोजचा खेळ त्यात फारसा मोजलेला नसतो. सल्ला देताना तोही विचारात घ्यायला हवा, असे वाटते.

आकड्यांची गंमत

तरुण माणसाचे मूळ एसीएल सुमारे २,१६० न्यूटन ताण सहन करते, म्हणजे साधारण २२० किलो वजन टांगण्याइतका. प्रयोगशाळेत वाटीखालचा पट्टा सुमारे ३,००० आणि चारपदरी हॅमस्ट्रिंग ४,००० न्यूटनपर्यंत जातो. इंजिनीअरिंगच्या हिशोबाने विषय इथेच संपायला हवा. पण पायात बसवलेला ग्राफ्ट ही स्टीलची तार नाही. रक्तपुरवठा तुटल्याने त्यातल्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या येतात आणि तो हळूहळू लिगामेंटसारखा बनतो. या काळात तो सुरुवातीपेक्षा दुबळा असतो. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते.

इतर पर्याय कोणते?

वाटीच्या वरचे क्वाड्रिसेप्स टेंडन जाड असते आणि त्यानंतर गुडघे टेकताना त्रास तुलनेने कमी होतो. अलीकडे त्याचा वापर वाढतो आहे, पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत मिळवायला मेहनत लागते. भारतात आणखी एक पर्याय बराच वापरला जातो, तो म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियस लाँगस. यात गुडघ्याभोवतीचे स्नायू शाबूत राहतात. एसीएलसोबत गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंटही फाटले असेल, तर हे विशेष उपयोगी, कारण त्या बाजूला हॅमस्ट्रिंगचा आधार हवाच असतो. घोट्यावर परिणाम थोडाच होतो, असे बहुतेक अभ्यास सांगतात. तरी ज्याचा घोटा आधीच वारंवार मुरगळतो, त्याने हे डॉक्टरांना सांगावे.

मृत दात्याचे टेंडनही वापरता येते. २०११च्या दुरुस्तीनंतर अवयव प्रत्यारोपण कायद्यात ऊतींचाही समावेश झाला आहे. मात्र तरुण, खेळत्या रुग्णांत असा ग्राफ्ट तुटण्याचे प्रमाण बरेच जास्त आहे. कृत्रिम लिगामेंटचा १९८०च्या दशकातील अनुभव वाईट होता. घासून सुटलेल्या कणांमुळे गुडघे सुजत राहत.

ग्राफ्टइतकेच आणखी काय महत्त्वाचे?

कॅनडा आणि युरोपमध्ये ६१८ तरुण रुग्णांवर झालेल्या चाचणीत हॅमस्ट्रिंग ग्राफ्टसोबत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आधाराचा एक जादा पट्टा बसवला गेला. दोन वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले. वय २५च्या आत असेल आणि गुडघा फार सैल असेल, तर याबद्दल विचारावे.

मैदानावर परतण्याची घाई हाही मोठा धोका. नॉर्वेतील अभ्यासानुसार नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापतीचा धोका सुमारे निम्म्याने घटला. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर जानेवारी २०२३मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. तो सामन्यात उतरला मार्च २०२४मध्ये. त्याच्या दिमतीला फिजिओथेरपिस्टचा ताफा होता. तालुक्याच्या खेळाडूला आठवड्यातून दोनदा एसटीने फिजिओकडे जावे लागते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा खर्च विचारताना पुढच्या नऊ महिन्यांच्या व्यायामाचा खर्चही विचारून घ्या.

डिस्चार्ज कार्डवर ग्राफ्ट कुठून घेतला, त्याची जाडी किती आणि स्क्रू किंवा बटण कोणत्या धातूचे, हे लिहून मागा. पुढे एमआरआय करायचा झाला किंवा दुर्दैवाने ग्राफ्ट पुन्हा तुटला, तर कोणती टेंडन शिल्लक आहेत हे दुसऱ्या डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळेल.