संमीलन-ऊर्जा संशोधन आणि शासकीय निधी

केंद्रकीय संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत नियंत्रणात येईल, असे भाकीत डॉ. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हा परिषदेच्या अध्यक्षपदावरून केले होते. ते खरे ठरले नाही; कारण सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस तापमानाचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात दीर्घकाळ बंदिस्त ठेवणे अत्यंत कठीण आहे. फलप्राप्ती इतकी अनिश्चित असल्याने या संशोधनाचा भार प्रामुख्याने शासनानेच उचलला. भारतात १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्लाझ्मा भौतिकी कार्यक्रमातून १९८६ मध्ये गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था आकारास आली. तेथे १९८९ मध्ये ‘आदित्य’ हे कंकणाकृती संमीलन-यंत्र, म्हणजेच टोकामॅक, कार्यान्वित झाले. पुढे ही संस्था मुंबईस्थित अणुऊर्जा विभागाकडे आली.

फ्रान्समधील ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत डिसेंबर २००५ मध्ये सहभागी झाला. बांधकामातील सुमारे ९ टक्क्यांचा भारतीय वाटा मुख्यत्वे रोख रकमेऐवजी यंत्रसामग्रीच्या रूपाने दिला जातो. त्यामुळे बराचसा निधी देशातील उद्योगांतच खर्च होतो. प्रकल्पाच्या सुमारे ३,८०० टन वजनाच्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे बाह्य निर्वात-पात्राचे, भाग गुजरातमधील हाजिरा येथे घडविले गेले. प्रकल्पातून निष्पन्न होणारे ज्ञान मात्र प्रत्येक सदस्यास पूर्णतः उपलब्ध असते. ते आत्मसात करणारे मनुष्यबळ नसेल, तर हा हक्क कागदावरच राहील. म्हणून जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांमधील भौतिकशास्त्राचे अध्यापन व प्रयोगशाळा यांवरील खर्च हादेखील संमीलन-संशोधनातील गुंतवणुकीचाच भाग मानला पाहिजे.