घरी येऊन नखांची निगा राखणारी सेवा : नवोदित व्यावसायिक व कुटुंबे यांच्यासाठी आरोग्यविषयक मार्गदर्शन

लग्नसराई, सणवार वा घरगुती समारंभाच्या निमित्ताने मॅनिक्युअर, पेडिक्युअर आणि नखरंगाची सेवा घरीच बोलावण्याची पद्धत आता लहान शहरांतही रूढ होत आहे. अल्पकालीन प्रशिक्षण घेऊन अनेक तरुण-तरुणी नेल टेक्निशियन म्हणून हा स्वयंरोजगार सुरू करतात. सलूनमध्ये वाहते पाणी, ठरलेली जागा आणि अनुभवी व्यक्तीची देखरेख असते. घरोघरी जाणाऱ्या व्यक्तीजवळ मात्र केवळ एक पिशवी असते आणि एका घरात वापरलेली अवजारे त्याच दिवशी दुसऱ्या, तिसऱ्या घरी पोहोचतात. म्हणूनच या पिशवीची स्वच्छता राखणे हे नवोदित व्यावसायिकाचे पहिले कर्तव्य आहे आणि त्याविषयी विचारणा करणे हा प्रत्येक कुटुंबाचा हक्क आहे.

धोका कोठे असतो?

नखाच्या मुळाशी त्वचेची एक पातळ कड असते. ती नख आणि त्वचा यांमधील फट बंद ठेवते. ही कड कापली वा जोराने मागे ढकलली गेली, तर जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. त्यातून नखुरडे, म्हणजे नखाच्या कडेला वेदना, सूज व पू होणे, असा त्रास उद्भवतो. अस्वच्छ कानस आणि नेलकटर यांमुळे बुरशीचा संसर्ग पसरतो. पायाचे नख पूर्णपणे नव्याने उगवण्यास सुमारे १२ ते १८ महिने लागतात. त्यामुळे नखातील बुरशीचे उपचार दीर्घकाळ चालतात.

अधिक गंभीर धोका रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा आहे. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही संसर्गास पुरेसा ठरू शकतो. हिपॅटायटिस सी हा आजारही दूषित धारदार अवजारांतून पसरू शकतो. या दोन्ही आजारांत अनेकदा वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणून ग्राहक निरोगी दिसतो, एवढ्यावरून अवजारे सुरक्षित आहेत असे मानू नये.

एक ग्राहक, एक संच

दिवसभरात जितक्या ग्राहकांची सेवा करावयाची असेल, तितके निर्जंतुक संच बरोबर घ्यावेत. निपर, पुशर व नेलकटर यांचा प्रत्येक संच स्वतंत्र पाकिटात बंद असावा आणि ते पाकीट ग्राहकासमोरच उघडावे. वापरलेली अवजारे ठेवण्यासाठी झाकणाचा वेगळा डबा असावा. कागदी कानस, लाकडी काडी, बफर व कापूस यांचे पूर्ण निर्जंतुकीकरण होत नाही. या वस्तू एका ग्राहकासाठी वापरून टाकून द्याव्यात. पायाची वज्री कुटुंबाने शक्यतो स्वतःची, आणि तीही प्रत्येकाची वेगळी, वापरावी. पाय भिजविण्याच्या टबला एकदाच वापरावयाचे प्लास्टिकचे अस्तर लावावे.

अवजारांची स्वच्छता : तीन टप्पे

१. जाड हातमोजे घालून अवजारे साबण व पाण्याने ब्रशने घासावीत. मळ तसाच राहिल्यास पुढील टप्पे निष्प्रभ ठरतात.
२. अवजारे स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावीत.
३. धातूची अवजारे पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्ह यंत्रात १२१ अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटे, अथवा यंत्राच्या उत्पादकाच्या सूचनेनुसार, ठेवावीत.

ऑटोक्लेव्ह उपलब्ध नसल्यास अवजारे पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात, उकळी फुटल्यापासून २० मिनिटे उकळावीत. या उपायाने बहुतेक जंतू व विषाणू नष्ट होतात. काही चिवट जीवाणूंची बीजे मात्र टिकून राहू शकतात. त्यामुळे व्यवसायात स्थिरावताच ऑटोक्लेव्हची व्यवस्था करावी. स्पिरिटचा बोळा फिरविणे किंवा निळ्या प्रकाशाच्या पेटीत अवजारे ठेवणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

सेवेपूर्वी व्यावसायिकाने साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत आणि नवे हातमोजे घालावेत. ग्राहकानेही हात किंवा पाय धुऊन बसावे.

नकार देणे हेही कौशल्य आहे

नवोदित व्यावसायिकास हाती आलेले काम सोडणे कठीण वाटते. तथापि पुढील परिस्थितीत सेवा न देता ग्राहकास डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला द्यावा :

• नख पिवळे, जाड, ठिसूळ झालेले किंवा त्वचेपासून सुटलेले असणे;
• नखाभोवती सूज, पू, जखम वा चामखीळ असणे;
• नखाखाली नवा काळा किंवा तपकिरी पट्टा दिसणे.

भारतात मधुमेह असलेल्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. दीर्घकाळ मधुमेह असल्यास पायांची संवेदना कमी होऊ शकते. अशा वेळी कोमट वाटणारे पाणीही पाय भाजू शकते, लहानशी चीर लक्षात येत नाही आणि जखम चिघळते. म्हणून “आपणांस मधुमेह आहे का? रक्त पातळ करणारे औषध सुरू आहे का?” हे प्रश्न प्रत्येक ग्राहकास आरंभीच विचारावेत. होकार मिळाल्यास पात्याने कातडी खरवडू नये आणि नखाच्या मुळाची कड कापू नये.

रसायने व खेळती हवा

ॲसिटोन अतिशय ज्वालाग्राही आहे. स्वयंपाकघरात, देवघरातील समईजवळ किंवा पेटत्या शेगडीजवळ त्याचा वापर करू नये. काम खिडकीजवळ करावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे. न सुकलेली जेल त्वचेला वारंवार लागल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते. हा धोका ग्राहकापेक्षा रोज काम करणाऱ्या व्यावसायिकास अधिक असतो. त्वचेला लागलेली जेल दिव्याखाली हात ठेवण्यापूर्वीच पुसावी. बाटलीवर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख नसल्यास ते उत्पादन वापरू नये.

रक्त आल्यास

काम तत्काळ थांबवावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन स्वच्छ कापसाने दाबून धरावी व पट्टी लावावी. अनेकांसाठी वापरलेला तुरटीचा खडा जखमेवर फिरवू नये. रक्त लागलेले अवजार वेगळ्या डब्यात ठेवावे. वापरलेले पाते टणक, झाकणबंद डब्यात टाकावे. व्यावसायिकास स्वतःला दूषित अवजार टोचल्यास जखम पिळू नये. ती धुऊन त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, आरोग्य केंद्रात जावे. एचआयव्ही प्रतिबंधक उपचार आवश्यक ठरल्यास ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागतात.

हा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा घ्याव्यात. प्रौढांना त्या सामान्यतः आरंभी, एका महिन्याने व सहा महिन्यांनी देण्यात येतात. हिपॅटायटिस सी आजारावर लस नाही. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत या दोन्ही आजारांची तपासणी व उपचार शासकीय आरोग्य संस्थांत विनामूल्य उपलब्ध आहेत.

कुटुंबांनी विचारावयाचे चार प्रश्न

१. ही अवजारे यापूर्वी कधी व कशी निर्जंतुक केली?
२. पाकीट आमच्यासमोर उघडाल का?
३. कानस व बफर नवे आहेत का?
४. आपण हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का?

हे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये आणि व्यावसायिकानेही ते अपमानास्पद मानू नयेत. स्वतःहून उत्तरे देणाऱ्या व्यावसायिकावर ग्राहकांचा विश्वास लवकर बसतो. अवजारे समाधानकारक न वाटल्यास केवळ नखरंग लावून घ्यावा किंवा घरातील स्वतःचे नेलकटर द्यावे.

सेवेनंतर नखाभोवती वेदना, लाली, सूज वा पू दिसल्यास, तसेच पुढील आठवड्यांत वा महिन्यांत डोळे पिवळे होणे, गडद लघवी किंवा तीव्र थकवा जाणवल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे आणि नखांची सेवा घेतल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मधुमेही व्यक्तीने पायावरील लहानशा जखमेसाठीही त्याच दिवशी वैद्यकीय सल्ला घ्यावा.