अंकांच्या खोलात (लेखांक ७) : पाच उदाहरणांचा भरवसा

मागच्या लेखांकातले फर्माचे छोटे प्रमेय आठवा: 'प' ही विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या (प − १)व्या घाताला 'प'ने भागल्यावर बाकी १ उरते. या प्रमेयाची ताकद ४,२९,४९,६७,२९७ या संख्येत दिसते. २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ती येते. त्याआधी १, २, ४, ८ आणि १६ हे घात घेतले, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. घात असाच दुप्पट करत गेले तर दर वेळी मूळ संख्याच येईल, असा अंदाज फर्माने १६४०च्या सुमारास बांधला. सिद्धता हाती नाही, हेही त्याने लिहून ठेवले. १७२९मध्ये गोल्डबाखने हा प्रश्न ऑयलरपुढे ठेवला, आणि १७३२मध्ये ऑयलरने दाखवून दिले की आपल्या संख्येला ६४१ने निःशेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७.

पाच उदाहरणे जुळल्यावर फर्माचा अंदाज रास्तच होता, असे यावर म्हटले जाते. मला ते पटत नाही, कारण त्या उदाहरणांत वजनच नव्हते. समजा, 'प' या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १ आणि ६४व्या घाताची बाकी १. बाकी १ देणारा सर्वांत लहान घात ६४चा विभाजक असतो. तो ६४हून लहान असता तर ३२लाही त्याने भाग गेला असता आणि तिथेच बाकी १ आली असती. म्हणून तो ६४च, आणि छोट्या प्रमेयानुसार (प − १)ला ६४ने भाग जायलाच हवा. आता हाच नियम मागे नेऊ. २५७च्या विभाजकातून १ वजा केल्यास १६ने भाग जायला हवा, म्हणजे तो किमान १७. पण २५७ संयुक्त असती तर तिला १६पर्यंतचा मूळ विभाजक असायलाच हवा होता. तेव्हा २५७ मूळ असण्यावाचून गत्यंतर नव्हते. ३, ५, १७ यांचेही तेच. ६५,५३७साठी तपासायला ९७ आणि १९३ एवढ्या दोनच मूळ संख्या. थोडक्यात, पाचांपैकी चार साक्षीदारांना 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. सहाव्या संख्येपाशी मात्र ६४ने भागल्यास बाकी १ देणाऱ्या, तपासायच्या मर्यादेतल्या संख्या एकदम हजारावर जातात.

एवढी मोठी संख्या हाताने कोण तपासणार, ही सबबही टिकत नाही. नियमात बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच उत्तर मिळते, आणि त्यासाठी लागणारे प्रमेय फर्माचेच होते.

आज संगणक हे क्षणात करतो, मग ही उठाठेव कशाला, असेही कुणी विचारेल. याच मालिकेत पुढे जाऊन पाहावे. ६५,५३७नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. घात २ च्या २०व्या घाताइतका घेतला, तर येणारी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही विभाजक कुणाला माहीत नाही. आणि घात २ च्या ३३व्या घाताइतका घेतला की संख्येत सुमारे २५८ कोटी अंक येतात. ती मूळ की संयुक्त, हे कोणत्याही संगणकाला अजून ठरवता आलेले नाही. तिथेही विभाजकांचा शोध ऑयलरच्याच वाटेने, तो नियम थोडा आणखी कसून, चालतो.