हवेतला पंच कुणालाच लागत नाही: केनपोच्या सरावातून धंद्यासाठी एक धडा



प्रत्येक बॅचमध्ये मला एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, कोर्स झाला, लोगो झाला, प्लॅन वहीत लिहून तयार आहे. फक्त सुरू करायची भीती वाटते."

आज याचं उत्तर मी केनपो या मार्शल आर्टमधून देणार आहे. तुम्ही म्हणाल, धंद्याच्या ब्लॉगवर मारामारी कशाला? थोडं थांबा. ठोसा मारायला शिकणारा विद्यार्थी आणि धंद्यात उतरणारा माणूस, दोघंही नेमके एकाच ठिकाणी अडकतात.

केनपो म्हणजे काय?

केनपो म्हणजे 'मुठीचा नियम'. शब्द मूळचा चिनी, उच्चार जपानी. पण आज जगभर जी केनपो शिकवतात, तिचा मोठा भाग घडला हवाई बेटांवर. होनोलुलूत विल्यम चाऊ यांच्याकडे एड पार्कर नावाचा तरुण शिकला. १९५६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे स्वतःचा क्लास उघडला.

पार्कर हा नुसता लढवय्या नव्हता, त्याला धंद्याचीही जाण होती. त्याने अभ्यासक्रम लिहून काढला. कुठल्या पट्ट्याला कुठली टेक्निक्स, हे ठरवून टाकलं. त्यामुळे त्याचे विद्यार्थी दुसऱ्या गावात जाऊन तेच शिकवू शकले. १९६४ मध्ये लाँग बीचला त्याने मोठी कराटे स्पर्धा भरवली. तिथे ब्रूस लीने केलेलं प्रात्यक्षिक आजही लोकांच्या लक्षात आहे.

एका फटक्यात काय काय असतं?

पार्करच्या पद्धतीत फटक्याची ताकद तीन गोष्टींतून येते. एक, हाताच्या मागे अख्ख्या शरीराचं वजन लावणं. दोन, कंबरेचा पीळ. तीन, किंचित खाली बसताना वजन फटक्यात उतरवणं. फटकाही एकाच प्रकारचा नसतो. सरळ पंच, मुठीच्या मागच्या बाजूचा फटका, तळहाताच्या टाचेचा धक्का, तळहाताच्या कडेचा वार, कोपर असे कितीतरी.

आरशासमोर हवेत हे सगळं फार छान दिसतं. मग हेवी बॅगवर पहिला खरा पंच मारतो आणि मनगट मुडपतं! मूठ सरळ रेषेत नव्हती, पण हवेने ते कधी सांगितलंच नाही. बॅग एका सेकंदात सांगते.

पार्टनर मदत करतो तेव्हा

पुढची पायरी म्हणजे जोडीदारासोबत ठरवून केलेला सराव. सुरुवातीला शिकवतात त्यातलं एक टेक्निक बघा, नाव 'डिलेड सोर्ड'. समोरचा उजव्या हाताने तुमची कॉलर पकडतो. तुम्ही डावा पाय मागे घेता, उजव्या हाताने त्याच्या हातावर फटका देता, पुढच्या पायाने लाथ मारता आणि शेवटी तळहाताची कड त्याच्या मानेवर.

या सगळ्यात समोरचा माणूस काय करतो? उभा राहतो! कारण ते आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात, तसंच.

याचा अर्थ हा सराव फुकट आहे असा नाही. हालचाल अंगात भिनायला तो लागतोच. पार्करने स्वतःच शिकण्याचे तीन टप्पे सांगितले होते. पहिला टप्पा आदर्श, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे घडतं. दुसरा 'असं झालं तर?' म्हणजे त्याने कॉलर धरून ओढलं तर? दुसऱ्या हाताने ठोसा मारला तर? तिसऱ्या टप्प्यात शिकलेले तुकडे जोडून, प्रसंग पाहून तुम्ही स्वतःचं उत्तर तयार करता.

गडबड होते ती पहिल्याच टप्प्यावर मुक्काम ठोकला की. कमरेला पट्टा येतो, पन्नास टेक्निक्स पाठ होतात, पण अंगावर एकही ठोसा बसलेला नसतो.

स्पॅरिंगमध्ये काय कळतं?

समोरचा हलतो, फसवतो, परत मारतो. पहिल्याच फेरीत तीन गोष्टी कळतात. अंतराचा अंदाज चुकतो. ठोसा येताना डोळे मिटतात. आणि श्वास रोखला जातो, म्हणून मिनिटभरात दम लागतो. हे कुठल्याही पुस्तकाने शिकवता येत नाही.

होनोलुलूच्याच पालामा वस्तीत १९४० च्या दशकाच्या अखेरीस काही जणांनी कराटे, जुडो-जुजुत्सू, केनपो आणि बॉक्सिंग एकत्र करून 'काजुकेनबो' उभी केली. त्यातला आड्रियानो एम्पेराडो हाही चाऊ यांच्याकडे शिकलेला. टेक्निक एकमेकांवर खरोखर वापरून बघायचं, जे टिकेल ते ठेवायचं, हा त्यांचा मार्ग. तो सराव फार कडक होता, त्यासाठीच तो प्रसिद्ध झाला. पुढे चक लिडेल हा जॉन हॅकलमन यांच्या हवाईयन केम्पोच्या तालमीत घडला आणि २००५ मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट चॅम्पियन झाला. तिथेही भर खऱ्या माराच्या सरावावर होता.

पण पहिल्याच दिवशी फुल कॉन्टॅक्ट? नाही!

नवशिक्याला पहिल्याच दिवशी जोरात मारलं तर दोनच गोष्टी होतात. एक तर तो जखमी होतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून चांगला प्रशिक्षक पायऱ्या लावतो. आधी पॅड आणि बॅग. मग जोडीदाराला फक्त स्पर्श. मग ग्लोव्हज, माउथगार्ड, शिनगार्ड घालून हलका मार. जोर हळूहळू वाढतो आणि किती वाढवायचा ते दोघं आधी बोलून ठरवतात. डोक्यावर तर फार जपून, कारण हेडगार्डमुळे खोक पडणं टळतं, पण मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबत नाही.

मार खायचाच, पण झेपेल एवढा आणि लवकर. आजचा मुद्दा एवढाच.

आता तुमच्या धंद्याकडे या

माझ्या बॅचमधल्या एक ताई नाचणीची बिस्किटं करायच्या. घरचे म्हणाले मस्त, भिशीतल्या मैत्रिणी म्हणाल्या अप्रतिम. ताई सोनं गहाण ठेवून मोठा ओव्हन घ्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, घरचे आणि मैत्रिणी म्हणजे उभा राहणारा पार्टनर. ते तुम्हाला मारणार नाहीत. आधी चाळीस पाकिटं अनोळखी लोकांना पूर्ण किमतीत विकून दाखवा."

पहिल्या दिवशी अकरा गेली. ताई रडवेल्या होऊन आल्या. पण येताना वहीत प्रश्न लिहून आणले होते. "किती दिवस टिकतं?" "लहान पाकीट नाही का?" "पिशवीत चुरा होतो हो!" हे प्रश्न म्हणजेच अंगावर बसलेले ठोसे. ताईंनी डबा बदलला, छोटं पाकीट काढलं आणि ओव्हन सहा महिने पुढे ढकलला. सोनं घरातच राहिलं. तोच मार ओव्हनचा हप्ता सुरू झाल्यावर बसला असता तर?

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या प्लॅनमधलं एक वाक्य निवडा. उदाहरणार्थ, "लोक यासाठी १५० रुपये देतील."

२. त्याखाली तीन वेळा 'असं झालं तर?' लिहा. ग्राहकाने भाव पाडला तर? उधार मागितलं तर? शेजारचा दुकानदार स्वस्तात देत असेल तर?

३. बुडाले तरी घरात भांडण होणार नाही एवढेच पैसे बाजूला काढा. तेच तुमचे ग्लोव्हज आणि माउथगार्ड.

४. तेवढ्या पैशात माल करा आणि दहा अनोळखी लोकांसमोर ठेवा. ओळखीचे चालणार नाहीत!

५. 'नाही' म्हणणाऱ्याला नम्रपणे कारण विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

भीती जाईल का? पूर्ण नाही जाणार. स्पॅरिंगला अनेक वर्षं उतरणाऱ्यांच्या पोटातही गोळा येतो. पण ठोसा येताना डोळे उघडे ठेवायची सवय लागते, आणि ती दहा ग्राहकांनंतर तुम्हालाही लागायला सुरुवात होईल.

चला तर मग, वही बाजूला ठेवा आणि बाहेर पडा. पुढच्या भेटीत तुमच्या दहा ग्राहकांचे 'नाही' घेऊन या, आपण एकेक उलगडून बघू.