स्टेशनापासून घरापर्यंत

रात्रीं दहाच्या सुमारास सांताक्रूझ स्टेशनांत गाडी रिकामी होते. दुकानें मिटूं लागलेलीं असतात. अशा वेळीं पूर्वेस वाकोल्याकडे किंवा पश्चिमेस जुहूच्या अंगाला घर असलेली स्त्री जवळची वाट सोडून पुष्कळदां लांबची धरते. ती लांबची वाट तिला निर्धास्त कां वाटते, या प्रश्नांत नगररचनेचें अर्धें शास्त्र सांठविलेलें आहे.

या उपनगराची आंखणीच झाली नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखालीं येथें योजना झाल्या, ‘टी. पी. एस.’ हीं अक्षरें आजहि येथील पत्त्यांत आढळतात. शेतांचे वेडेवांकडे तुकडे एकत्र करून नीट प्लॉट व सरळ रस्ते पाडावे, ही त्यामागची कल्पना. गाडीमागून गाडी येऊन हजारों माणसें त्याच रस्त्यांवर ओतलीं जातील, हा हिशेब तींत नव्हता.

पुढें २००८ सालीं वांद्र्यास पहिला स्कायवॉक झाला आणि मागोमाग सांताक्रूझलाहि तशी सोय आली. पायीं चालणाऱ्यास मोटारींच्या गर्दींतून सोडवावें, हा हेतु स्तुत्यच. परंतु त्यास उचलून वर नेलें, कीं तो खालच्या दुकानदाराच्या, फुलवालीच्या, गॅलरींत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या नजरेआड होतो. दोहों बाजूंस कठडे, जिने दूर दूर. वर्दळ ओसरल्यावर कोणी पाठीस लागला, तर वळावयाचें कोठें? जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनें १९६१ सालींच हें मर्म सांगितलें होतें : रस्त्याची राखण आधीं तेथें वावरणारे लोक करतात, पोलीस मागाहून. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनीं २०११ सालच्या ‘व्हाय लॉयटर’ या पुस्तकांत त्यापुढचें पाऊल टाकलें. कामावांचून नुसतें रेंगाळण्याचाहि हक्क स्त्रीस हवा, असें त्यांचें म्हणणें. मग बांक, दिवा आणि स्वच्छ शौचालय यांस चैन कशी म्हणावी?

खरा पेंच पुढेंच आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड (आतां प्रभादेवी) स्टेशनाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें दगावलीं. थोड्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयानें स्टेशनापासून १५० मीटरांच्या आंत फेरीवाले नकोत, असें ठरविलें. सायंकाळीं सातला जी टोपली पायांत येते, तीच रात्रीं दहाला दिवा लावून सोबत करते! दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून जिन्याच्या तोंडाशीं अंगण सर्वस्वीं मोकळें ठेवावें, आणि रस्ता रुंदावतो तेथें विक्रेत्यांस जागा नेमून द्यावी. २०१४ च्या फेरीवाला कायद्यांत अशा जागांची तरतूद आहे. अडतें तें अंमलबजावणींत.

दिव्यांची गोष्टहि तशीच. उंच खांबांवरचा प्रकाश मोटारींच्या वाटेवर पडतो आणि झाडांखालचा पदपथ काळोखांतच राहतो. फांद्या तोडण्यापेक्षां त्यांच्याखालीं ठेंगणा दिवा लावणें शहाणपणाचें.

जुन्या दुमजली घरांच्या जागीं आतां मनोरे येत आहेत. त्यांचे खालचे कांहीं मजले मोटारी ठेवण्यांत जातात आणि रस्त्याकडे उरते ती केवळ आंधळी भिंत. कुंपणाचा वरचा भाग जाळीचा ठेवला, तर आंतल्या पहारेकऱ्यास रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बाईस पहारेकरी जागा आहे कीं नाहीं, हें कळतें.