अंकीय छायाचित्रणातील कच्ची व संकोचित प्रतिमा

अंकीय कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य साठविण्याच्या दोन प्रमुख रीती. पहिल्या रीतीत कॅमेऱ्यातील संवेदकावर पडलेल्या प्रकाशाची मापे जवळजवळ जशीच्या तशी नोंदविली जातात. या नोंदीस कच्ची प्रतिमा किंवा रूढ भाषेत ‘रॉ’ असे म्हणतात. दुसऱ्या रीतीत कॅमेऱ्यातील संगणक त्या मापांपासून पाहण्याजोगे पूर्ण चित्र तयार करतो, त्यातील डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशील गाळतो आणि उरलेली माहिती आटोपशीर संचिकेत साठवितो. या संकोचित प्रतिमेचे सर्वाधिक प्रसृत रूप म्हणजे ‘जेपीईजी’ होय. या दोहोंतील निवड ही साठवणुकीच्या सोयीची बाब मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः छायाचित्राविषयीचे काही निर्णय कोणी व केव्हा घ्यावयाचे आणि ते पुढे फिरविता यावेत की नाही, हा या निवडीमागील खरा प्रश्न आहे. [⟶ छायाचित्रण].

संवेदकाची नोंद : संवेदकाला स्वतःला रंग कळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरील लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राही घटकांपैकी प्रत्येक घटक आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजतो. रंगांची माहिती मिळावी म्हणून प्रत्येक घटकावर तांबडा, हिरवा अथवा निळा गालक बसविलेला असतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी योजलेली व १९७६ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळालेली गालकांची मांडणी आजही बहुसंख्य कॅमेऱ्यांत आढळते. तीत निम्मे गालक हिरवे, एकचतुर्थांश तांबडे व एकचतुर्थांश निळे असतात. मानवी दृष्टी चित्रातील बारकावे मुख्यतः वर्णपटाच्या हिरव्या भागातील प्रकाशावरून ओळखते, हे हिरव्याला दिलेल्या या झुकत्या मापाचे कारण. अशा नोंदीत प्रत्येक बिंदूपाशी एकाच रंगाचे माप असते. उरलेल्या दोन रंगांची मूल्ये शेजारच्या घटकांवरून गणिताने काढावी लागतात. म्हणजेच कच्ची संचिका हे चित्र नव्हे, तर चित्र ज्यापासून घडवावयाचे ते द्रव्य होय. तिची तुलना नेहमी रासायनिक छायाचित्रणातील निगेटिव्हशी केली जाते. तथापि प्रकाश पडलेल्या परंतु अजून न धुतलेल्या फिल्मशी ती करणे अधिक योग्य ठरेल. मात्र फिल्म एकदाच धुता येते, तर कच्ची नोंद कितीही वेळा व कितीही प्रकारे ‘धुतली’ तरी मूळ तशीच राहते.

प्रत्येक माप बहुधा १२ किंवा १४ बिटांत नोंदविले जाते. म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अनुक्रमे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या उपलब्ध होतात. जेपीईजी प्रतिमेत प्रत्येक रंगासाठी ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. तिन्ही रंगांच्या संयोगाने त्यांतून सु. १.६७ कोटी छटा होतात व तयार चित्र पाहण्यास त्या पुरेशा आहेत. अडचण येते ती चित्रात पुढे मोठा फेरबदल करावयाचा असल्यास. सावलीतील चेहरा उजळावयाचा म्हटले, तर त्या भागाच्या वाट्याला आलेल्या मोजक्या पायऱ्या ताणाव्या लागतात आणि सलग उतरत्या छटेऐवजी पट्टे दिसू लागतात.

येथे एक बारकावा ध्यानात घेणे आवश्यक आहे. संवेदकाची मापे प्रकाशाच्या प्रमाणात वाढतात. १४ बिटांच्या नोंदीत १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या सर्वांत उजळ अशा एकाच टप्प्यात खर्च होतात. निम्म्या प्रकाशाच्या पुढील टप्प्याला ४,०९६, त्यापुढीलास २,०४८ असे हे प्रमाण घटत जाते. गडद भागांच्या वाट्याला फारच थोड्या पायऱ्या येतात, शिवाय तेथे प्रकाशही अपुरा असल्याने दाणेदारपणा दिसतो. म्हणून कच्ची नोंद करणारे छायाचित्रकार उजळ भाग न जाळता जास्तीत जास्त उद्‌भासन देतात व नंतर चित्र हवे तेवढे गडद करतात. जेपीईजीसाठी ही युक्ती तितकीशी उपयोगी नाही. तेथे उद्‌भासन प्रथमच अचूक साधावे लागते.

दिव्याच्या प्रकाशानुसार रंग जुळविण्याची क्रिया, म्हणजे श्वेत-संतुलन, हे या दोन रीतींतील फरकाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. तापलेल्या तारेच्या दिव्याचा प्रकाश सु. ३,००० केल्व्हिन रंग-तापमानाचा व पिवळसर, तर दुपारच्या उन्हाचा सु. ५,५०० केल्व्हिन असतो. कच्च्या संचिकेत श्वेत-संतुलनाची निवड ही केवळ सोबत लिहिलेली टीप असते. मापांना तिने धक्का लागत नाही आणि ती नंतर विनासायास बदलता येते. जेपीईजीत मात्र रंगांची मापे त्या निवडीनुसार आधीच गुणून घेतलेली असतात. उन्हासाठी जुळविलेल्या कॅमेऱ्याने दिव्याखाली घेतलेल्या चित्रातील तांबडा रंग कमाल मूल्याला जाऊन टेकला असेल, तर त्यातील छटांचे भेद कायमचे गेलेले असतात.

संकोचनाची प्रक्रिया : जेपीईजी हे नाव हे मानक तयार करणाऱ्या तज्ञगटाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून पडले. हा गट १९८६ मध्ये स्थापन झाला व मानक १९९२ मध्ये संमत झाले. त्याचा गणिती गाभा ‘पृथक् कोज्या रूपांतर’ हा असून त्याविषयीचा मूळ निबंध १९७४ मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर्. राव यांनी प्रसिद्ध केला. यांपैकी नासिर अहमद यांचा जन्म बंगलोरचा व त्या वेळी ते अमेरिकेतील कॅनझस राज्य विद्यापीठात अध्यापन करीत होते.

प्रक्रियेत प्रथम तांबडा, हिरवा व निळा यांच्याऐवजी चित्राची मांडणी एक दीप्ती व दोन रंगभेद अशा तीन घटकांत केली जाते. डोळा उजेडातील फरक जितक्या बारकाईने टिपतो, तितका रंगातील फरक टिपत नाही. त्यामुळे रंगभेदांचे घटक बहुधा विरळ करून ठेवतात. नंतर चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील ६४ मूल्यांचे रूपांतर ६४ गुणकांत करतात. पहिला गुणक त्या चौकोनाची सरासरी दीप्ती दर्शवितो, तर पुढील गुणक क्रमाक्रमाने अधिकाधिक बारीक चढउतार दर्शवितात. या टप्प्यापर्यंत खरे म्हणजे नाव घेण्याजोगे काही गमावलेले नसते. यानंतर प्रत्येक गुणकाला एका ठरलेल्या संख्येने भागून उत्तर पूर्णांकात आणले जाते. बारीक चढउतारांचे भाजक मोठे असल्याने त्यांचे बहुतेक गुणक शून्य होतात. नेमक्या या पायरीला माहितीचा ऱ्हास होतो व तो भरून काढता येत नाही. उरलेल्या संख्या डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या संकेतन पद्धतीने थोडक्यात लिहिल्या जातात. प्रतिमेची ‘गुणवत्ता’ कमी-अधिक करणे म्हणजे हे भाजक लहान-मोठे करणे होय. भाजक फार मोठे झाल्यास निळ्या आकाशात चौकोनांच्या कडा दिसू लागतात व अक्षरांच्या भोवती धूसर कंगोरे उमटतात.

जेपीईजी संचिकेची प्रत काढल्याने किंवा ती उघडून पाहिल्याने ती झिजते, हा समज चुकीचा आहे. संचिका उघडून, चित्रात बदल करून ती पुन्हा जेपीईजी म्हणूनच साठविली, तर मात्र भागाकाराची क्रिया नव्याने घडते व ऱ्हासात भर पडते.

या गाळणीचे फळ मोठे आहे. २.४ कोटी घटकांच्या संवेदकाची १४ बिटांची असंकोचित कच्ची नोंद ४.२ कोटी बाइटांची होते. त्याच दृश्याचे पूर्ण रंगीत चित्र ८ बिटांत, परंतु न संकोचता ठेवल्यास ७.२ कोटी बाइट लागतात. उत्तम दर्जाची जेपीईजी संचिका बहुधा एक कोटी बाइटांच्या आसपास वा त्याहूनही लहान असते. वेगाने लागोपाठ चित्रे घेताना हा फरक निर्णायक ठरतो. कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती कच्च्या नोंदींनी लवकर भरते व ती रिकामी होईपर्यंत कॅमेरा अडून राहतो. मैदानाच्या कडेला बसून सामना चालू असतानाच चित्रे पाठविणारे क्रीडा-छायाचित्रकार जेपीईजी पसंत करतात, ते या कारणाने. याउलट प्रकाश अपुरा वा विषम असेल आणि तेच चित्र पुन्हा घेण्याची संधी नसेल, तेथे कच्ची नोंद उपयोगी पडते. अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी झोतदिवा वापरण्यास मनाई आहे. अंधाऱ्या गर्भागारातील मूर्ती आणि दाराबाहेरचे ऊन एकाच चौकटीत आणणाऱ्याला हा फरक तत्काळ जाणवतो. तथापि कच्ची नोंद सर्व चुका पोटात घालते असे नाही. प्रकाशग्राही घटक काठोकाठ भरून गेला असेल, तर त्यापलीकडचा तपशील कोणत्याच संचिकेत नसतो. केंद्रीकरणातील चूक किंवा हात हलल्याने आलेली धूसरताही तिने जात नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारे चित्र हे कच्च्या नोंदीचे नसून तिच्यासोबत ठेवलेल्या लहान जेपीईजीचे असते, त्यामुळे पडद्यावर जळालेला दिसणारा भाग प्रत्यक्षात काही वेळा शाबूत असतो.

पुराव्याचा प्रश्न : वृत्तछायाचित्रणात या निवडीला नैतिक बाजू आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना कच्च्या संचिकेपासून तयार केलेली चित्रे न पाठविता कॅमेऱ्यातच जेपीईजी म्हणून साठविलेली चित्रे पाठविण्यास सांगितले. चित्रे लवकर हाती यावीत आणि त्यांवर फारसे संस्कार झालेले नसावेत, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. याच्या अगदी उलट मार्ग ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या स्पर्धेने धरला. अंतिम टप्प्यांत पोहोचलेल्या चित्रांच्या मूळ संचिका, शक्यतो कच्च्या, स्पर्धकांकडून मागवून सादर केलेल्या चित्रांशी त्या ताडून पाहिल्या जातात. २०१५ च्या स्पर्धेत उपान्त्य फेरीतील सु. २०% चित्रे या तपासणीत बाद ठरली. दोन्ही संस्थांना हवे आहे ते एकच. परंतु एकीने छायाचित्रकाराच्या हातातील निर्णय काढून कॅमेऱ्याकडे सोपविले, तर दुसरीने निर्णय त्याच्याकडेच ठेवून त्यांचा हिशेब मागितला. दुसरा मार्ग अधिक खर्चिक असला, तरी अधिक तर्कशुद्ध म्हणावा लागेल. कारण कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेले जेपीईजी हेही संस्कारित चित्रच असते. त्यातील रंगांचा भडकपणा, कडांची तीक्ष्णता व सावल्यांचा गडदपणा उत्पादकाच्या अभियंत्यांनी ठरविलेला असतो. एखादे दृश्य मुद्दाम जुळवून आणले होते की काय, हे अर्थात दोन्ही प्रकारच्या संचिकांवरून कळत नाही.

टिकाऊपणा : जतनाच्या दृष्टीने पाहता पारडे काहीसे फिरते. जेपीईजी हे खुले मानक असून ते वाचू न शकणारा संगणक मिळणे कठीण. कच्च्या संचिकांची रचना मात्र प्रत्येक उत्पादकाची, अनेकदा प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी असते व ती सहसा प्रसिद्ध केली जात नाही. २००५ मध्ये निकॉन कंपनीच्या काही कॅमेऱ्यांतील संचिकांत श्वेत-संतुलनाची माहिती सांकेतिक रूपात लपविलेली आढळल्याने मोठा वाद झाला. चित्र छायाचित्रकाराचे, मग त्याची किल्ली दुसऱ्याकडे का, असा आक्षेप घेतला गेला. ॲडोबी कंपनीने २००४ मध्ये ‘डीएनजी’ हे खुलेपणाने प्रसिद्ध केलेले स्वरूप पुढे आणले होते. काही उत्पादकांनी ते स्वीकारले, पण कॅनन, निकॉन व सोनी या मोठ्या कंपन्यांनी आपापली स्वरूपेच चालू ठेवली. प्रत्यक्षात जुन्या संचिका वाचता येतात त्याचे मोठे श्रेय डेव्ह कॉफिन यांनी १९९७ पासून एकट्याने विकसित केलेल्या व सर्वांना मोफत उपलब्ध करून दिलेल्या ‘डीसीरॉ’ या आज्ञावलीला द्यावे लागते. व्यावसायिक अंकीय कॅमेरे प्रथम बाजारात आणणाऱ्यांपैकी कोडॅक कंपनीने २०१२ मध्ये अंकीय कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला, हे लक्षात घेता उत्पादकाच्या भरवशावर संग्रह ठेवणे किती जोखमीचे आहे ते दिसून येते. त्यामुळे संग्रहालये कच्ची नोंद जपली, तरी तिच्यासोबत ‘टिफ’सारख्या ऱ्हासरहित खुल्या स्वरूपातील तयार चित्रही ठेवतात.

‘कच्ची’ हा शब्दही सर्वत्र सारख्याच अर्थाने खरा नाही. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत २०१५ पर्यंत कच्ची नोंद ऱ्हास होणाऱ्या रीतीनेच संकोचित होत असे. त्या वर्षी ग्राहकांच्या मागणीवरून असंकोचित नोंदीचा पर्याय देण्यात आला. भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यांनी ही सीमारेषा आणखी पुसट केली. अँड्रॉइड प्रणालीवर २०१४ पासून व आयफोनवर २०१६ पासून डीएनजी नोंद करता येऊ लागली. परंतु लहानशा संवेदकाची एकच नोंद फारशी समाधानकारक नसते, म्हणून भ्रमणध्वनी पाठोपाठ घेतलेल्या अनेक नोंदी एकत्र विणून एक चित्र करतो. ॲपलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या ‘प्रोरॉ’ या स्वरूपात असे विणलेले, रंग भरून झालेले चित्रच कच्ची नोंद म्हणून साठविले जाते. त्यात पायऱ्या भरपूर असतात व श्वेत-संतुलन बदलता येते. मात्र कोणत्या नोंदीतील कोणता भाग घ्यावयाचा व कोणता टाकावयाचा, हा निर्णय छायाचित्रकाराच्या हाती संचिका येण्यापूर्वीच झालेला असतो.